बातमीतली शेवटची ओळ

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुठंही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. आमच्याकडं शेळ्यामेंढ्या होत्या, अजूनही आहेत. थोडी कोरडवाहू जमीन, बाकी रोजंदारी. पत्रकारितेची पदवी घेऊन मी परभणीत एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत बातम्या सुधारायला लागले, तेव्हा माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, लोक विचारायचे, "पोरगी काय करती?" दादा सांगायचे, "पेपर करती." भाकरी करती म्हणावं तसं.

हल्ली मी पेपर करत नाही, पेपर करणाऱ्यांना शिकवते. एका संस्थेसाठी जिल्ह्यातल्या वार्ताहरांची शिबिरं घेते. बाईवरच्या अत्याचाराची बातमी कशी द्यायची आणि आरोग्याची बातमी कशी द्यायची, असे दोन विषय. हे दोन एकत्र कशाला, असं पहिल्या दिवशी कुणीतरी विचारतंच. मी सांगते, मार खाल्लेली बाई शेवटी दवाखान्यात येते. आणि ती येत नसेल, तर तो आरोग्याचा त्याहून मोठा प्रश्न आहे.

ज्या शिबिराबद्दल लिहितेय, तिथं जिची बातमी झाली त्या बाईचं गाव मी सांगणार नाही, तालुकाही सांगणार नाही. ती काय काम करते ते मात्र लिहिणार आहे, कारण ते लिहू का म्हणून तिला विचारलंय आणि ती हो म्हणालीय.

परभणीतल्या एका हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर होतं. पालमहून, पिंगळीहून, बोरीहून वार्ताहर आले होते. आपल्याकडचा तालुक्याचा वार्ताहर म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. तो बातमी लिहितो, तोच पेपरचे गठ्ठे उतरवून घेतो, तोच जाहिराती आणतो आणि उरलेल्या वेळात झेरॉक्सचं नाहीतर मोबाईल रिचार्जचं दुकान चालवतो. त्याला पगार असा नसतो. त्यामुळं मी त्यांना शिकवायला उभी राहते ती थोडी जपूनच. फळ्यावर लिहिणं सोपं आहे, गावात राहून लिहिणं अवघड.

त्या शिबिरात सगळ्यांत ज्येष्ठ होते एक काका. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, मोबाईलला रबरबँड. त्यांच्या तालुक्यात त्यांना न ओळखणारा माणूस नाही. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "म्याडम, तुमचं वय काय?" मी सांगितलं. म्हणाले, "म्हंजे तुमच्या जन्माआधीपासनं आमी बातम्या देतोय. शिकवा, शिकवा. शिकायला आमाला लाज न्हाई."

सकाळी मी सगळ्यांना एक बनावट बातमी वाचायला दिली. मीच रचली होती, गावसुद्धा खोटं. एका मुलीची छेडछाड झालेली, मुलीचं नाव कुठंच नाही. शेवटी आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणं ओळ: "तक्रार देतेवेळी सरपंच अमुक, पोलीस पाटील तमुक, मुलीचे मामा किराणा दुकानदार अमुक व चुलते तमुक आदी उपस्थित होते." मी विचारलं, "मुलीचं नाव लपवलंय. आता तुम्हाला या मुलीचं घर शोधायचंय. कुठं जाल?"

पालमचा वार्ताहर म्हणाला, "मामाच्या दुकानावर. नाव हाय, धंदा हाय. मामा चहा पाजून घरापर्यंत सोडतील वर."

हॉल हसला. काकाही हसले, पण हसून झाल्यावर हात वर केला. "म्याडम, तुमचं सगळं खरं हाय. पन ती शेवटची वळ काढली तर पेपर घेनार कोन? मानूस सोताचं नाव बघायला पेपर घेतो. आमच्या सरपंचाला बातमी काय हाय ते ठाऊकबी नसतं. तो खालून वर वाचतो."

यावर कुणीच हसलं नाही, कारण हे सगळ्यांनाच माहीत होतं. मीही पेपरात असताना असल्या हजार ओळी पाहिल्या. रस्त्याचं उद्घाटन असो, कुणी बुडून मेलेलं असो, शेवटी "उपस्थित होते" असायचंच. ज्यांची नावं यायची ते वाढदिवसाला जाहिरात द्यायचे. वार्ताहराचं घर त्या ओळीवर चालतं, हे मला पदवीत कुणी शिकवलं नव्हतं. काकांनी एका वाक्यात शिकवलं.

दुपारी जेवणं झाली आणि काकांचा फोन वाजला. ते बोलत बोलत व्हरांड्यात गेले, परत आले ते घाईतच. त्यांच्या तालुक्यातल्या एका गावात नवऱ्यानं बायकोला मारलं होतं. हात मोडला होता, डोक्याला टाके पडले होते. सरपंचानं स्वतःच्या गाडीतून तिला सरकारी दवाखान्यात आणलं होतं आणि तिथूनच काकांना फोन लावला होता.

"संध्याकाळच्या आत द्यावी लागंल," काका म्हणाले. "न्हाईतर दुसरे देतेल."

मी म्हटलं, "मग इथंच लिहा. आपण शिकतोयच की."

त्यांनी मोबाईलवर बोटं चालवली आणि उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. मथळा होता, "चारित्र्याच्या संशयावरून आशा कार्यकर्तीस बेदम मारहाण." मग गावाचं नाव, तिचं वय, नवरा काय करतो ते. आणि शेवटी, रुग्णालयात दाखल करतेवेळी सरपंच, पोलीस पाटील, तिचा भाऊ आणि आणखी चारपाच जण, नावानिशी, उपस्थित होते.

वाचून काकांनी माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर शाबासकीची वाट. "नाव टाकलंच न्हाई बगा तिचं! सकाळी तुमी सांगितलं, ते ध्यानात ठेवलं."

सकाळी मामाच्या दुकानावर हसलेले सगळे खाली बघायला लागले. बोरीची एक तरुण वार्ताहर होती, स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवणारी, तिनं हळूच विचारलं, "काका, त्या गावात आशा कार्यकर्त्या किती?"

"दोनच की."

"मग?"

काकांच्या लक्षात आलं. पण गडी माघार घेणारा नव्हता. "अगं बाई, गावाला तर सगळं ठाऊकच हाय. आरडाओरडा झाला, गाडी गेली, लेकरंसुदिक सांगायलेत. मग लपवायचं कुनापासून?"

हा प्रश्न मला प्रत्येक शिबिरात कुणीतरी विचारतं आणि प्रत्येक वेळी मी थोडी अडते. कारण तो खोटा नाही. आमच्या खेड्यात काय लपतं? मी काहीतरी कायद्याचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बोरीवाली म्हणाली, "गावाला ठाऊक हाय की नवऱ्यानं मारलं. का मारलं ते तुमी सांगायलात. अन् ते ‘का’ नवऱ्याचं हाय. तिला कुनी इचारलंय का?"

मला दादांची आठवण झाली. दादांना वाचता येत नाही. माझ्या लहानपणी ते स्टँडवरच्या हॉटेलात बसून दुसऱ्याकडून पेपर वाचून घ्यायचे आणि घरी येऊन सांगायचे, "पेपरात आलंय." त्यावर आई पुढं बोलायचीच नाही. गावातली कुजबुज चार दिवसांत जुनी होते. पेपरात आलेलं कातरून ठेवता येतं, मोबाईलवर पुढं ढकलता येतं आणि भांडणात तोंडावर फेकता येतं. मी हे काकांना सांगितलं. कायद्याचं नंतर सांगू म्हटलं.

काका खाली बसले. म्हणाले, "मग आता कुनाला इचारू? ठाण्यात?"

"तिला."

"कुनाला?"

"तिला, काका. जिचा हात मोडलाय तिला."

एवढी वर्षं बातम्या देणाऱ्या त्या माणसानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना विहिरीत उतरायला सांगतेय. त्यांनी ठाणेदाराला विचारलं होतं, डॉक्टरला विचारलं होतं, सरपंचाकडून तर न विचारताच सगळं कळत होतं. मार खाल्लेल्या बाईला कधी विचारलं नव्हतं. "तिला काय इचारायचं?" ते म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं.

मी दवाखान्यातल्या सिस्टरना फोन लावला. ओळखीच्या होत्या. म्हटलं, तिला बरं वाटत असेल आणि तिची इच्छा असेल तरच. नाही म्हणाली तर नाही. सिस्टर म्हणाल्या, विचारून सांगते. थोड्या वेळानं त्यांच्याच नंबरवरून फोन आला आणि पलीकडं ती बाई स्वतः होती. मी फोन काकांच्या हातात दिला. काका सवयीनं स्पीकर लावायला गेले, मी हातानं खूण केली. आम्ही दोघं व्हरांड्यात गेलो. म्याडमनी ऐकलं तर चालेल का, हे काकांनी तिला विचारलं, एवढं मात्र न शिकवता केलं. मग आम्ही दोघं एकाच फोनला कान लावून भिंतीशी उभे.

"आमी बातमी... म्हंजे तुमच्या..." काका अडखळले. "आता बरं वाटायलंय का, बाई?"

"वळखलं तुमाला काका. पोलिओच्या बूथवर फोटो काढायला येता न्हवं? माझाच फोटो दर वेळी कट व्हतो."

काका ओशाळले. "सरपंच मधी उभे ऱ्हातेत," ते पुटपुटले.

ती हसली असावी, पण हसताना दुखलं असेल, कारण मध्येच थांबली. मग तिनं एकदम सरळ सांगितलं. "काका, मी आशा हाय असं लिव्हू नका. गावात आमी दोघीच हाव, दुसरी माझ्या सासूच्या वयाची हाय. अन् त्येनं जे कारन सांगितलंय ते बी लिव्हू नका. बाळंतपनाचा फोन आला की मला अवेळी जावं लागतं. गाडीवाल्याला बोलवावं लागतं. तेच त्येनं धरून ठेवलंय. ते पेपरात आलं तर उद्या कोनती सासू आपली सून माझ्यासंगं पाठवंल? माझ्याकडं आता दिवस भरलेल्या बाया हायेत. त्या कुनासंगं जातेल?"

काका म्हणाले, "मग बातमीच नको का? तुमी म्हनाल तसं."

"न्हाई, द्या." ती लगेच म्हणाली. "गाव नका टाकू, पन द्या. हितं इलाजाला पैसे लागत न्हाईत. तक्रार बी हितंच लिव्हून घेतली, संगं समुपदेशनवाल्या एक म्याडम बसल्या व्हत्या. हे लिव्हा. मी दुसऱ्यायला हात धरून हितं आनते काका, अन् मला सोताला यायला लय येळ लागला. मला ठाऊक असून आदी मार खाल्ला तवा मी आले न्हाई. जिला ठाऊकच न्हाई ती कशी येईल?"

फोन ठेवल्यावर काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाले, "म्याडम, मी आजवर बातमीत हे कदी लिव्हलंच न्हाई. कोन आलं, कोन गेलं ते लिव्हलं. बाईनं कुठं जावं ते न्हाई लिव्हलं."

बातमी सगळ्यांनी मिळून लिहिली. मथळ्यातून संशय गेला, काम गेलं, गाव गेलं. नवऱ्यानं मारलं, गुन्हा दाखल झाला, उपचार चालू आहेत. मग दवाखान्यात काय काय मिळतं, कुणाला भेटायचं, सोबत कुणी नसलं तरी जाता येतं का. शेवटची ओळ राहिली होती. काकांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसले. पालमवाला म्हणाला, "काढा काका, डोळे झाका अन् काढा." काकांनी डोळे उघडे ठेवून काढली.

"लय बारकी झाली," ते म्हणाले. "मेंढी कातरल्यावानी."

"कातरली तरी मेंढीच असते काका," मी म्हटलं. "मला विचारा, आमच्याकडं आहेत."

पेपरच्या ऑफिसातून फोन आलाच. गाव कुठंय, कारण कुठंय, अर्धी बातमी काय पाठवता. मी त्या खुर्चीवर बसलेय, त्यामुळं पलीकडचा माणूस काय बोलत असेल ते मला न ऐकता कळत होतं. काका एवढंच म्हणाले, "साहेब, पुरी हाय. आहे तशी घ्या, न्हाईतर राहू द्या." एका वार्ताहराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जुन्या पद्धतीची बातमी फिरली, संशयासकट. ते पोरगं काकांच्याच हाताखाली तयार झालेलं. काकांनी फोन करून त्याला असं काही झापलं की हॉलभर ऐकू गेलं, आणि तासाभरात त्यानं ती काढली. तोवर जितक्यांनी वाचायची तितक्यांनी वाचलीच असणार. आम्ही सगळंच जिंकलो, असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी बातमी आली आणि सकाळीच सरपंच कडाडले. आम्ही चहा घेत होतो. फोनमधून आवाज बाहेर येत होता. "काका, गाडी माझी, डिझेल माझं, अन् माझं नाव कुठंय? पेपर दोनदा खालून वर वाचला!"

काकांनी फोन कानापासून लांब धरला, मग जवळ घेतला. "सरपंच, तुमी लय चांगलं काम केलं. पन तुमचं नाव आलं असतं तर तिचं घर आलं असतं. तुमची गाडी तालुक्यात कोन वळखत न्हाई?"

हे ऐकून सरपंच थोडे सुखावले असावेत, कारण आवाज खाली आला. तरी घुश्शातच म्हणाले, "मग माझं काय?"

आणि काकांनी जे केलं ते मी कुठल्याच शिबिरात शिकवलेलं नव्हतं. म्हणाले, "तुमी गावात बायांची रक्त तपासनी ठेवा. दवाखान्याशी मी बोलतो. उद्घाटन तुमच्या हातानं. समद्यांची नावं टाकतो. पार लाऊडस्पीकरवाल्यापर्यंत."

फोन ठेवून ते माझ्याकडं वळले. "बगा म्याडम, नावं छापायला मला कुनाची हरकत न्हाई. फक्त कुठं छापायची, येवढंच."

तिचा हात बरा झाल्यावर ती तपासणी झाली. मी गेले होते. शाळेच्या आवारात मांडव, फीत, नारळ, सरपंचांचं भाषण, सगळं रीतसर. नवऱ्यावरचा खटला चालू होता आणि ती आईकडं राहत होती, पण काम याच गावात करत होती. आईच्या गावाहून रोज यायची. त्या दिवशी मांडवात तिचाच आवाज सगळ्यांत मोठा होता. "ए मावशी, सुईला घाबरती काय? पाच लेकरं कशी काढली मग?" बायका हसत होत्या आणि रांगेत उभ्या राहत होत्या. काकांनी फोटो काढताना सरपंचांना थोडं बाजूला सरकायला सांगितलं. सरपंच सरकले, म्हणजे जेवढं सरपंच सरकू शकतात तेवढं.

काकांनी तिला विचारलं, "तुमचं नाव टाकू का उपस्थितांत? आशा कार्यकर्ती म्हनून?"

"टाका की," ती म्हणाली. "काम केलंय मी. अन् पुरं टाका, नुसतं ‘आशा ताई’ नका टाकू."

दुपारी गर्दी ओसरली. मी आणि काका मांडवाच्या कडेला खुर्च्यांवर बसलो होतो. काका यादीसाठी नावं आठवून मोबाईलवर लिहीत होते. तेवढ्यात एक म्हातारी आली, बरोबर तिची सून, डोक्यावर पदर ओढलेला. म्हातारी आशा ताईजवळ जाऊन म्हणाली, "बाई, हिला संगं ने दवाखान्यात. माझ्या पोराचं ऐकू नको, मी पाठवायले म्हनून सांग." सुनेचा पदर जरासा सरकला तेव्हा गालावरचा काळानिळा डाग दिसला.

आशा ताईनं तपासणीचं सामान सिस्टरच्या हवाली केलं, पायात चप्पल सरकवली आणि म्हणाली, "चला, तिघीबी आत्ताच जाऊ."

काकांची बोटं मोबाईलवर थांबली होती. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या तालुक्यात कुणाची सून, कुठल्या आळीची, माहेर कुठलं, हे विचारल्याशिवाय काका पाणीसुद्धा पीत नाहीत. त्यांनी मोबाईल खिशात घातला आणि आपली खुर्ची त्या तिघींकडं पाठ करून फिरवली.

"म्याडम," ते म्हणाले, "चहा सांगा. साखर कमी."

मी चहा सांगायला उठले. पाठीमागं तिघींच्या चपलांचा आवाज शाळेच्या फाटकाकडं गेला.